म्हशीच्या दगडावरची रेघ

बेळगावात भाड्याने खोली बघायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा असतो. तो विचारायच्या तऱ्हा तेवढ्या निरनिराळ्या. कुणी सरळ विचारतं, कुणी 'मूळ गाव कुठलं' म्हणून लांबून वळसा घालतं, कुणी 'नॉनव्हेज चालतं काय तुम्हाला' म्हणत गालात हसतं. मी निपाणीचा. आई तंबाखूच्या वखारीत कामाला जायची, घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत. हे सगळे प्रश्न मला पाठ होते, आणि माझं उत्तर ऐकल्यावर रिकामी खोली एकदम 'कालच दिली की' कशी होते तेही पाठ होतं. पिरनवाडी सोडून येळ्ळूरच्या बाजूला जाताना उतारावर एक एकटं घर होतं. त्या घरच्या बाईने मला दारातच उभं केलं, डोक्यापासून पायापर्यंत बघितलं आणि विचारलं,

"पोहता येतं काय रं?"

"नाही," मी म्हणालो.

"मग हितं ऱ्हा. खाली वड्याकडं कुणी खोली देतो म्हटलं तर जाऊ नको. फुकट दिली तरी जाऊ नको."

मुलाखत संपली. मी दुसऱ्या दिवशी ट्रंक घेऊन राहायला आलो आणि पाच वर्षं राहिलो. आडनाव त्यांनी पहिल्या दिवाळीला विचारलं, तेही पोस्टमनला सांगायला लागतं म्हणून.

सगळं गाव त्यांना आक्का म्हणायचं, मीही म्हणायला लागलो. साठीच्या आसपासचं वय, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पायात पुरुषी प्लास्टिकचे बूट, हातात काठी. आक्का रागावलेल्याच उठायच्या आणि रागावलेल्याच झोपायच्या. मधला वेळ त्या ओढ्याच्या काठाने फिरत कुणावर रागवायचं ते बघायच्या. सुरुवातीला मला वाटलं बाई जरा सरकलेली आहे. आज मला वाटतं, त्या आख्ख्या खोऱ्यात शुद्धीवर असलेलं तेवढंच एक माणूस होतं.

खोरं म्हणजे फार मोठं नव्हे. येळ्ळूरच्या डोंगराकडून निघालेला एक ओढा, त्याच्या दोन्ही अंगाला भाताची खाचरं. भात निघालं की त्याच ओलीवर मसूर. काठाला करंज, उंबर, निरगुडी. आक्कांच्या ओसरीवर बसलं की सगळं खोरं पायाशी दिसायचं. मी टिळकवाडीत एका इंजिनिअरच्या ऑफिसात नकाशे काढायच्या कामाला होतो. दिवसभर कॉम्प्युटरवर जमीन बघून घरी यायचो आणि इथे खरी जमीन दिसायची. खरं सांगायचं तर पहिले काही महिने मला दोन्हींत फरक वाटत नव्हता.

आक्का रोज सकाळी ओढ्यावरून बातम्या घेऊन यायच्या. शेजारणी सिरियलच्या गोष्टी सांगतात तशा त्या खेकड्यांच्या सांगायच्या. "खेकडं दोन हात वर सरकल्यात. सगळी बिळं नवी. औंदा पाणी लई." किंवा, "वरच्या खाचरात बगळा उतरंना झालाय. कुणीतरी औषध मारलंय बघ. मी जाऊन इचारतेच." आणि त्या खरोखर जाऊन विचारायच्या. ओढ्याबद्दल त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "वडा म्हंजे माहेरवाशीण. कवातरी येणारच. तिची खोली मोकळी ठेवावी, भाड्यानं देऊ नये."

माणसांना मात्र त्या असलं गोड काही बोलत नसत. रस्त्यावरच्या मंगल कार्यालयवाल्यांनी एकदा लग्नानंतरच्या थर्माकोलच्या पत्रावळ्या आणि प्लास्टिकचे ग्लास रात्रीत ओढ्यात ओतले. आक्कांनी ते सगळं दोन दिवस खपून गोळा केलं, अकरा पोती भरली आणि शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पुढच्या लग्नाच्या रिसेप्शनला नेलं. गुलाबपाणी शिंपडणाऱ्या पोरींच्या समोर पोती उलटी केली. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "आक्का, ह्ये आमचं न्हवं हो. आमचं लगीन आजच हाय."

"मग तुमचं उद्या आणून देते," आक्का म्हणाल्या. "वड्यानं काय कुणाकडं पत्रिका मागिटली न्हवती."

एका सरकारी साहेबाकडे तर त्या मलाच बरोबर घेऊन गेल्या होत्या. ओढ्यात भर टाकतायत म्हणून तक्रार द्यायची होती. साहेब चांगला माणूस होता, खुर्ची दिली, चहा मागवला आणि प्रत्येक वाक्याला 'नोडोणम्मा, नोडोण' म्हणत राहिला. बघू या, बघू या. चौथ्या 'नोडोण'ला आक्का उठल्या आणि त्याच्यापेक्षा चांगल्या कन्नडात गरजल्या, "नोडाक कण्ण इल्लेनु?" बघायला डोळे नाहीत का? सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. खाली उतरताना मला म्हणाल्या, "मराठीत बोलले असते तर म्हणाला असता भाषा कळत न्हाय. आता काय म्हणंल?"

आमच्या भागात पाटीवर कुठली भाषा लिहावी यावर भांडायला दोन्हीकडची माणसं हजर असतात. ते भांडण मी खोटं म्हणत नाही, त्यात आमच्या लोकांनी काय काय सोसलंय ते मला माहीत आहे. पण ओढ्यात मुरमाचे डंपर ओतताना दोन्हीकडचे ठेकेदार एका टपरीवर चहा प्यायचे हेही मी याच डोळ्यांनी पाहिलंय. तिथे कुणाची भाषा आड आली नाही.

आता रेघेबद्दल सांगतो, कारण सगळी गोष्ट तिचीच आहे.

पावसाळ्यात ओढा फुगून काठावर आला की आक्का ओसरीत बसून नजर न हलवता बघत राहायच्या. पाणी उतरलं की दुसऱ्या दिवशी पहाट फुटताच एक जुना तुपाचा डबा माझ्या हातात द्यायच्या आणि पुढे चालायला लागायच्या. डब्यात तांबडी काव असायची, तुळशीवृंदावनाला लावतात ती, जवसाच्या तेलात कालवलेली. तेलामुळे ती धुऊन जात नाही. पाणी जिथवर आलं होतं तिथे चिखलाचा पट्टा आणि काटक्यांची ओळ राहिलेली असते. ती वाळून वाऱ्यावर जायच्या आत आक्का झाडांवर, दगडांवर, बांधावर बोटाने काव ओढत जायच्या. नवं कंपाउंड आड आलं तर त्या कंपाउंडवर. मालक ओरडायचा. आक्का म्हणायच्या, "मी न्हाय, पाणी आलतं. त्याला सांग."

मी डबा धरून मागे चालायचो. तिसऱ्या वर्षी माझ्या ध्यानात आलं की ही बाई करते ते आम्ही डिप्लोमाला शिकलो होतो. सारख्या उंचीच्या जागा जोडणारी रेघ. आम्ही ती यंत्र लावून काढायचो आणि तरी चुकायचो.

सगळ्यात वरची रेघ होती म्हशीच्या दगडावर. उताराच्या मध्यावर कमरेएवढा काळा दगड, आणि त्याच्या छातीवर आडवा तांबडा पट्टा. एवढ्या वर पाणी येतं यावर माझाही विश्वास बसला नव्हता. एकदा ओसरीत मसूर निवडताना आक्कांनी ती हकिगत सांगितली.

"लगीन होऊन दुसरं वरीस. सासू म्हणाली, म्हस दगडाला बांधून ये. मी म्हटलं, पाणी वाढायलंय आत्ती. सासू म्हणाली, त्या दगडापतूर पाणी कवाच येत न्हाय. बांधली. दिवस मावळायच्या आत म्हस गेली."

"मग?"

"मग काय! सासू गावभर सांगत सुटली, सुनेनं म्हस वड्यात नेऊन बांधली म्हणून. मी सांगतेय दगडालाच बांधलेली, पाणी दगडावर आलतं. कोण ऐकतंय? सकाळी जाऊन बघितलं तर दगडाला चिखलाचा पट्टा. वाळायच्या आत काव आणली नि वर रेघ मारली. सगळ्यांना हात धरून नेलं. म्हटलं, ही बघा. मी खोटं बोलत न्हाय."

"मानलं का त्यांनी?"

"सासऱ्यानं मानलं. सासू मरस्तोवर मानली न्हाय." आणि निवडलेल्या मसुरातला खडा त्यांनी असा फेकला की सासूच समोर उभी असावी.

दर वर्षी त्या दगडावरची रेघ त्या नवी करायच्या. आता आपल्याकडे तेलातला तांबडा रंग लावलेला काळा दगड उघड्यावर दिसला की काय होतं ते सांगायला नको. रस्त्याकडेच्या नव्या चाळींतल्या बायका तिथून जायच्या. आधी कुणीतरी हळदकुंकू वाहिलं. मग एक लिंबू आलं, मग नारळ, मग शेजारच्या करंजाला घंटा. दगड म्हशीचा असं लोक म्हणत, म्हणून नाव आपोआप म्हसोबा झालं. पहिला नारळ बघितला तेव्हा आक्का इतक्या संतापल्या की त्यांनी तो तिथेच दगडावर आपटला आणि अर्धा मला दिला. "माझ्या रेघंला नारळ फोडायलेत. खा!"

पण पुढच्या वर्षी त्यांचं मन फिरलं. ओढ्याकाठच्या उंबरावरची रेघ उंबरासकट गेली होती. सर्वे खात्याचे दोन दगड कुणीतरी उपटून पायरीला लावले होते. आक्का मला म्हणाल्या, "सरकारी दगड उपटत्यात, झाड तोडत्यात. देवाला कोण हात लावत न्हाय. हू दे म्हसोबा." आणि त्या वर्षी त्यांनी काव दुप्पट तेलात कालवली. एका बाईने विचारलं, "आक्का, पावतो काय ओ ह्यो?" तर म्हणाल्या, "पावतो की. जागा सोडली तर कोपतो मात्र."

मला ते पटलं नाही. आमच्या घरात दगडाला हात जोडत नाहीत आणि आईने आम्हाला त्याची कारणं समजावून सांगितली होती. मी म्हणालो, "आक्का, खोट्याचा आधार कशाला? रेघ खरी आहे तेवढं पुरे."

"खऱ्याला कोण इचारतंय?" त्या म्हणाल्या. "तू मोठा कागदावर खरं काढणारा. तुझ्या कागदाला कोण हात जोडतंय?"

दोनच वर्षांनी तो कागद माझ्या टेबलावर आला. आक्कांच्या पुतण्याने आणि आजूबाजूच्या चार-पाच जणांनी ओढ्याच्या अंगची खाचरं विकली होती. तिथे लेआऊट होणार होता आणि त्याचं काम आमच्या ऑफिसला मिळालं होतं. एक्केचाळीस प्लॉट, बाग, कमान. माझे साहेब माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाले, "हा ओढा फार जागा खातोय. सरळ कर. बारा फुटी गटार दाखव." मी माउस हातात घेतला आणि ओढा सरळ केला. तीन मिनिटं लागली. ज्या वळणावर आक्का मला खेकड्यांची बिळं दाखवायच्या तिथे प्लॉट नंबर सतरा आला.

सादर करायच्या प्रिंटमध्ये रंग भरायचे असतात, बागेला हिरवा, पाण्याला निळा. रविवारी ती प्रिंट मी खोलीवर आणली, आणि आक्का कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते मला कळलं नाही. मला वाटलं त्यांना नकाशा वाचता येत नसेल. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाला काही कळत नाही असं आपण किती आरामात धरून चालतो!

"माझं घर ह्ये न्हवं?" त्यांनी बरोबर बोट ठेवलं. "मग म्हशीचा दगड कुठं?"

मी दाखवला. तेराव्या प्लॉटच्या वरच्या कोपऱ्याशी, रस्त्याच्या मधोमध.

"उंबर होता ती जागा?"

तीही दाखवली. त्या आत गेल्या, डबा घेऊन आल्या, काव बोटाला लावली आणि दगडापासून उंबरापर्यंत, तिथून खाली वळून पार कमानीच्या पलीकडे, बोट न उचलता माझ्या नकाशावर रेघ ओढली. एक्केचाळीसपैकी एकोणतीस प्लॉट रेघेच्या खाली गेले.

"ह्ये तुझ्या सायबाला दाव," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्यांना कुणाची तरी आशा वाटली होती.

"दावतो," मी म्हणालो.

सोमवारी मी लवकर ऑफिसला गेलो, ती प्रिंट फाडून टोपलीत टाकली आणि नवी काढली. आक्कांनी संध्याकाळी विचारलं, "दावलास?" मी 'हो' म्हणालो. "काय म्हणाला?" "बघू म्हणाले." "नोडोण," आक्का म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

दगड रस्त्याच्या मधे येत होता. तो फोडायची कुणाची छाती नव्हती, कारण तोवर म्हसोबा सगळ्यांचा झाला होता. इथवर आक्कांचा हिशेब बरोबर होता. चुकलं ते पुढे. देवाला कुणी हात लावत नाही हे खरं, पण देवाला वाजतगाजत हलवायला आपल्याकडे कुणाचीच ना नसते. लेआऊटवाल्यांनी कमानीशेजारी, अगदी खाली ओढ्याच्या अंगाला, ग्रॅनाइटचा चौथरा बांधला. भटजींना विचारलं, मुहूर्त काढला, बँड सांगितला, महाप्रसाद ठेवला. जेसीबीला झेंडूच्या माळा घातल्या.

आक्का दगडाला पाठ लावून उभ्या राहिल्या. सगळा जमाव, बँड, आणि समोर जेसीबीचं ते दातांचं फावडं.

"देव न्हाय त्यो!" त्या ओरडल्या. "माझी रेघ हाय ती. मी मारलीय. पाणी हितवर येतंय म्हणून मारलीय!"

बँड थांबला. पुतण्या पुढे येऊन लोकांना म्हणाला, "काकूचं वय झालंय, मनावर घेऊ नका." पण ज्या बाईला आक्कांनी देव पावतो म्हणून सांगितलं होतं, ती गर्दीतच होती. ती भांडायला नव्हती आली, बिचारी गोंधळली होती. म्हणाली, "आक्का, तुमीच म्हणालता की पावतो म्हणून."

त्या एका वाक्यापुढे आक्का अडखळल्या. त्यांनी गर्दीवरून नजर फिरवली आणि मी दिसलो. साहेबांच्या शेजारी, इस्त्रीचा शर्ट घालून.

"ह्यो सांगंल," त्या म्हणाल्या. "चार वरसं माझ्यासंगं डबा धरलाय ह्यानं. सांग रं ह्यास्नी. रेघ कुणी मारली? मी खोटं बोलायलेय काय?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मागून कुणीतरी विचारलं, "ह्यो कोण?" आणि मला पुढचं सगळं दिसलं. आता आडनाव निघेल, मग 'ह्याचं आमच्या देवाशी काय' निघेल. ही सबब मी स्वतःला बरीच वर्षं सांगितली. ती अर्धी खरीही आहे. उरलेलं अर्धं असं की आदल्या आठवड्यात साहेबांनी मला सतरा नंबरचा प्लॉट सवलतीत देऊ केला होता. लेआऊटवाल्याने आडनाव ऐकून घेतलं आणि काही न बोलता पेढा दिला होता. बेळगावात कुणीतरी मला जमीन विकायला तयार होतं, आणि मी विरघळलो होतो.

मी म्हणालो, "आक्का, चला घरी. ऊन लागेल."

एवढंच. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग दगडापासून बाजूला झाल्या. जेसीबीने दगड उचलला. खालची माती ओलसर होती आणि तिच्यातून दोन खेकडे तिरके पळाले. एवढ्या वर खेकडे! ते मी बघितलं, आक्कांनी बघितलं. बाकी सगळे फुलं उधळत होते.

मग सेल्समनला त्या रेघेचा नवाच उपयोग सापडला. गिऱ्हाइकाला चौथऱ्यापाशी उभं करून तो म्हणायचा, "ही जुन्या लोकांची खूण. ह्या पट्ट्याच्या वर पाणी कधीच आलेलं नाही. आपले सगळे प्लॉट ह्याच्या वर आहेत, चेक करा." आणि लोक वाकून चेक करायचे. आक्कांची जन्मात कधी खोटं न बोललेली रेघ नुसती जागा बदलून खोटी झाली. त्याला तरी काय बोलू? मी मुकाट्याने सतरा नंबरवर दोन फूट जोतं चढवून घर बांधलं. पुराचं पाणी त्या घरात कुठवर येईल ते मला इंचात काढता येत होतं. मी काढलं नाही.

आक्कांनी मला खोली सोडायला सांगितलं नाही. फक्त पुढच्या पावसाळ्यात डबा माझ्या हातात दिला नाही. लग्न ठरल्यावर मी पेढे घेऊन गेलो, तर घेतले आणि ओसरीवरून खाली माझ्या घराकडे बघत म्हणाल्या, "गच्ची मोठी ठेवलीस. बरं केलंस."

पहिले चार पावसाळे काही झालं नाही. लेआऊटमधले लोक आक्कांना बघून हसायचे. पाचव्या वर्षी श्रावणात तीन दिवस पाऊस लागून राहिला आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आमच्या मोरीतून पाणी वर यायला लागलं. मी सरळ केलेलं बारा फुटी गटार थर्माकोलने तुंबलं होतं. तासाभरात पाणी गुडघ्याला, मग मांडीला. तीन वर्षांची मुलगी खांद्यावर, बायकोचा हात धरलेला, असा मी उतार चढून गेलो. आक्कांच्या घरी आधीच चाळीसेक माणसं जमली होती. आक्का ओसरीच्या पायरीवर उभ्या होत्या. मी समोर आलो, निथळत.

"पोहायला शिकलास काय रं?" त्यांनी विचारलं.

"नाही, आक्का."

"मग खाली कशाला गेलास?"

त्यांनी माझ्या खांद्यावरून मुलीला काढून घेतलं, पदराने तिचं डोकं पुसलं आणि तिला घेऊन आत गेल्या. मी पायरीवरच उभा राहिलो. मला कुणी आत या म्हटलं नाही आणि माझी स्वतःहून जायची हिंमत झाली नाही.

पाणी उतरल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही घरातला चिखल उपसत होतो. दारात आक्का. त्यांनी डबा माझ्या हातात दिला. मी धरला. त्या हॉलमध्ये आल्या, भिंतीवरचा चिखलाचा पट्टा बघितला आणि बोट बुडवून शोकेसच्या मधल्या फळीच्या उंचीवर, या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ मारली. माझ्या छातीला लागेल इतकी वर. मग त्या शेजारच्या घरी गेल्या, पण तिथल्या मालकाने त्यांना दारातूनच परत लावलं. "आक्का, पाया पडतो, घर इकायचं हाय." एकोणतीस घरांपैकी रेघ लागली ती माझ्या एकट्याच्या.

कमानीजवळ म्हसोबाच्या डोक्यावरून पाणी गेलं होतं. ती रेघ खोटी जागा दाखवते हे आता तरी लोकांना कळेल असं मला वाटलं. लोकांनी काय काढावं? आक्कांनी भर गर्दीत देव नाही म्हटलं म्हणून म्हसोबा कोपला! शांत केली, चौथरा आणखी दोन फूट वाढवला, लेआऊटमध्ये सगळ्यांनी भिंतींना नवे रंग दिले, आणि दोन वर्षांत प्लॉट परत विकले जायला लागले. मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. पण तो बोलून दाखवायचा हक्क मी माझ्या तोंडाने घालवून बसलो होतो.

गेल्याच्या गेल्या थंडीत आक्का गेल्या. पुतण्याने घर पाडलं, मुरमासाठी उतारही खणला. आता तिथे रो-हाउस उभी राहतायत. माझ्या हॉलमधली रेघ मात्र आहे. बायकोने दोनदा पेंटर बोलावला, दोन्हीदा मी भांडून परत पाठवला. पाहुणे विचारतात, ही कसली डिझाइन? मी विषय बदलतो. बदलायचो.

मागच्या महिन्यात शेजारी नवी भाडेकरू आली. चिकोडीकडची, नवरा कारखान्यात, लहान मूल. ती विरजण मागायला आली तेव्हा बायको आत होती. मी ऑफिसमधून आलो तर भिंतीवरच्या रेघेला हळदकुंकू, आणि खाली शोकेसवर झेंडूची दोन फुलं. ती हात जोडून उभी.

मी ओरडलो. माझ्याच कानाला माझा आवाज अनोळखी वाटला. "देव न्हाय त्यो! रेघ हाय ती! आक्कांनी मारलीय, मी डबा धरलाय!"

ती दचकून मागे सरली. बायको धावत आली आणि म्हणाली, "तिच्यावर कशाला ओरडायलाय? तिला काय म्हाईत?"

तिला काय माहीत, खरंच. मी ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, काव तेवढी राखून. राग उतरला नव्हता. तसाच वळून तिला विचारलं,

"ताई, पोहता येतं काय तुम्हाला?"

"न्हाय की," ती घाबरत म्हणाली. "का ओ दादा?"

"बसा," मी म्हणालो, आणि म्हैस कुठे बांधली होती तिथपासून सांगायला सुरुवात केली.